बेदाणा शेडमधला टक्का आणि पत्र्यावरचं पाणी

पार्श्वभूमी

तासगाव मागे टाकून कवठेमहांकाळच्या बाजूला निघालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये माळावर जागोजागी बेदाण्याचे शेड लागतात. नागज ओलांडून पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या जुनोनीपर्यंत हेच चित्र असतं. द्राक्षं पिकतात सावळज, मणेराजुरीच्या बागांत, पण वाळायला इकडे येतात, कारण इथली हवा कोरडी आणि वारा मोकळा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यामागे द्राक्षाच्या वाणाइतकाच या माळावरच्या हवेचाही हात आहे, असं मला वाटतं.

ही हकीकत अशाच एका शेडची आहे. मालकांना इथे आबा म्हणतो, त्यांच्या धाकट्या भावाला अण्णा. गावाचं नाव देत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो. आबांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, आणि त्या ओळखीनेच मी यात आलो. बेदाण्यातलं मला त्यांच्या शतांशानेही कळत नाही. मला हवेतलं पाणी मोजता येतं, माझा वाटा तेवढाच.

शेडमध्ये सुमारे 10 टन द्राक्षं होती. लवकर वाळावीत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेली, लोखंडी रॅकवर एकावर एक अशा 11 जाळ्यांवर पातळ पसरलेली. वर पत्रा, चारी बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, खाली मातीची जमीन. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. म्हणजे 10 टनांतून साडेसात टन पाणी हवेत जायला हवं, तेही पंधरा-सोळा दिवसांत. हा आकडा मी आबांपुढे मांडला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे टँकर रिकामा करायचा हवेत." अगदी तसंच.

हे पाणी नेणार कोण? वारा. एका घनमीटर हवेने वाटेत 5 ग्रॅम पाणी उचललं असं धरलं, तरी दिवसाला 500 लिटर काढायला लाखभर घनमीटर हवा शेडमधून आरपार जावी लागते. उन्हाळ्यातल्या मोकळ्या वाऱ्याला हे सहज जमतं. पडदे खाली सोडले की ते थांबतं.

अडचण

पहिले पाच दिवस चोख गेले. दुपारी बाहेर 36 अंश, वारा छान, द्राक्षं सुरकुतायला लागलेली. आबांच्या अंदाजाने पाच टन पाणी निघून गेलं होतं. सहाव्या दिवशी दुपारनंतर आभाळ आलं. सातव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, वाऱ्यासकट. पडदे घाईने सोडले. जाळ्यांवर पाणी आलं नाही, पण उताराच्या वरच्या बाजूने पावसाचं पाणी शेडखाली शिरलं आणि जमीन ओली झाली. त्या गडबडीत जमिनीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या सगळ्या त्रासाचं एक मूळ त्या ओल्या मातीत होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

आठव्या दिवशी आभाळ तसंच. पुन्हा पाऊस येईल या धास्तीने पडदे खालीच ठेवले. संध्याकाळी 7 वाजता शेडमधल्या मीटरवर 25 अंश तापमान आणि 88 टक्के आर्द्रता होती. अण्णांनी ओळखीच्या पोल्ट्रीवरून दोन गॅस ब्रूडर आणले, पिल्लांना ऊब द्यायला वापरतात ते. पेटवले. रात्री 9 वाजता मुलाने मला मीटरचा फोटो पाठवला: 29 अंश, 72 टक्के. खाली लिहिलं होतं, "सर, टक्का उतरला. आता काळजी नाही."

मी अंगठा पाठवला आणि झोपलो. फोटो नीट वाचायला हवा होता, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मध्यरात्रीनंतर आभाळ पूर्ण निवळलं. एकच्या सुमाराला सिलिंडर संपला, दुसरा हाताशी नव्हता. पहाटे 5 वाजता मुलाचा फोन आला: पत्र्यातून पाणी गळतंय, पाऊस नसताना. वरच्या दोन जाळ्यांवर थेंब पडतायत आणि एका कोपऱ्यात आंबूस वास येतोय.

मी अर्ध्या तासात पोचलो. बाहेर लख्ख चांदणं, पत्रा बाहेरून दवाने भिजलेला आणि आतून त्याहून जास्त. मीटरवर आत 24 अंश आणि 77 टक्के, बाहेर 18 अंश आणि 88 टक्के.

आकडे काय सांगत होते

इथे थोडं थांबायला हवं, कारण शेडवर जो वाद झाला तो सगळा या आकड्यांच्या अर्थावरून झाला.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती पाणी आहे याचा आकडा नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के आहे, ते ती सांगते. तांब्याभर पाणी कळशीत ओतलं तर कळशी बऱ्यापैकी भरलेली दिसते, तेच हंड्यात ओतलं तर तळ जेमतेम झाकतो. पाणी तेच, भांडं बदललं. हवा काही खरंच भांडं नाही. तापमान वाढलं की पाण्याचे रेणू जास्त वेगाने सुटून वाफेत जातात, म्हणून समतोलाला वाफ जास्त असते. पण शेडवर उभं राहून निर्णय घ्यायला कळशी आणि हंडा पुरतात.

हे भांडं तापमानाबरोबर फार झपाट्याने मोठं होतं. एका घनमीटर हवेत 10 अंशाला जास्तीत जास्त सुमारे 9.4 ग्रॅम वाफ राहते, 20 अंशाला 17.3, 25 ला 23, 30 ला 30.4, 35 ला 39.6 आणि 40 ला 51. ढोबळ मानाने दर 11-12 अंशांना दुप्पट.

आता रात्रीचे आकडे याच मापाने वाचू. संध्याकाळी 7 ला 25 अंश आणि 88 टक्के, म्हणजे घनमीटरला 20.3 ग्रॅम पाणी. ब्रूडर लावल्यावर 9 ला 29 अंश आणि 72 टक्के, म्हणजे 20.7 ग्रॅम. टक्का 16 ने उतरला आणि पाणी उलट किंचित वाढलं. भांडं मोठं झालं, एवढंच घडलं होतं. पाणी वाढायला दोन कारणं होती. ओली जमीन आणि द्राक्षं वाफ सोडत होती. शिवाय गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो: 1 किलो एलपीजी जळला की सुमारे 1.6 किलो वाफ होते. 19 किलोच्या एका सिलिंडरमधून म्हणजे जवळजवळ 30 लिटर पाणी. पडदे बंद असताना ते जाणार कुठे?

ही 20.7 ग्रॅमची हवा साधारण 23 अंशाखालच्या कुठल्याही पृष्ठभागाला लागली की तिथे पाणी सुटणार. तो तिचा दवबिंदू. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीच परत पाठवतात, म्हणून सातव्या रात्री पत्रा गळला नव्हता. आठव्या रात्री आभाळ निवळलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि नुकसान नेमकं त्याच रात्री झालं.

पहाटे 5 ला आत 24 अंश आणि 77 टक्के, म्हणजे 16.8 ग्रॅम. रात्रीचं सगळं पाणी हवेत राहिलं असतं, तर 24 अंशाला मीटरने 95 च्या वर टक्का दाखवला असता. मधले चार ग्रॅम कुठे गेले? थोडे फटींतून बाहेर गेले, बाकीचे पत्र्यावर जमून जाळ्यांवर पडले.

आणि बाहेर? 18 अंशाला 88 टक्के म्हणजे 13.5 ग्रॅम. आतल्यापेक्षा तीन ग्रॅमहून जास्त कोरडी हवा. टक्का मात्र 11 ने जास्त.

समोर असलेले पर्याय

अण्णांचं म्हणणं ठाम होतं. "सर, बाहेर अठ्ठ्याऐंशी हाय. पडदं उघडलं तर सगळी ओल आत यील." त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. वीस वर्षं त्यांनी मीटर असाच वाचला होता, आणि कोरड्या हंगामात त्या वाचनाने कधी दगा दिला नव्हता. त्यांचा पर्याय होता नवा सिलिंडर आणून पडदे तसेच ठेवून ब्रूडर पुन्हा पेटवायचे. टक्का लगेच उतरला असता. पण पाणी शेडमध्येच राहिलं असतं आणि पुढच्या पहाटे पुन्हा पत्र्यावर आलं असतं.

या पर्यायात आणखी एक धोका होता. तो मी आधी बोललो, कारण बाकी सगळं त्याच्यापुढे गौण होतं. शेडच्या एका कोपऱ्यात दोन कामगार झोपत होते. बंद जागेत गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आदल्या रात्री सिलिंडर लवकर संपला, हे एका अर्थी बरंच झालं. त्यांची झोपायची सोय त्याच सकाळी बाहेरच्या खोलीत केली. बेदाण्याचं काही झालं असतं तरी तो निर्णय बदलायचा नव्हता.

दुसरा पर्याय आबांचा: माल जाळ्यांवरून काढून बाहेर ताडपत्रीवर उन्हात टाकायचा. दोन दिवसांत वाळला असता. पण थेट उन्हात रंग तपकिरी पडतो आणि हिरव्या मालाचा भाव जातो. शिवाय अर्धवट वाळलेला माल हाताळताना साल फुटते. आबांनीच तो मागे घेतला.

तिसरा, मुलाचा: बाहेरचा टक्का आतल्यापेक्षा कमी होईल तेव्हाच पडदे उघडायचे. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण त्यात टक्क्याची टक्क्याशी तुलना आहे आणि दोन्हींचं तापमान वेगळं. त्या हिशोबाने पडदे दहापर्यंत उघडलेच नसते, आणि तोवर पत्रा गळत राहिला असता.

चौथा माझा. आत-बाहेर दोन्हीकडचे ग्रॅम काढायचे आणि बाहेर ग्रॅम कमी असतील तर उघडायचं, टक्का काहीही असो. बाहेरची ती हवा आत येऊन 24 अंशापर्यंत तापली तर तिचा टक्का 61 वर येतो.

काय केलं

साडेपाचला सगळे पडदे वर गुंडाळले. माझ्या सांगण्यावरून.

पत्र्याची गळती वीसेक मिनिटांत कमी झाली आणि मग थांबली. पण सव्वासहाला आतलं तापमान 19 वर आलं होतं आणि मीटर 86 दाखवत होता. अण्णा काही बोलले नाहीत, मीटरकडे बोट दाखवून उभे राहिले. त्यांची भीती डोळ्यासमोर खरी ठरत होती: पडदे उघडले आणि टक्का वाढला.

हा सगळ्यात कठीण क्षण होता. पडदे पुन्हा सोडायचे का? मी हिशोब करून दाखवला. 19 अंश आणि 86 टक्के म्हणजे 14 ग्रॅम. मघाशी 16.8 होते. पाणी बाहेर गेलंय, फक्त भांडं लहान झालंय. सूर्य वर आला की तेच भांडं मोठं होईल. अण्णांनी विचारलं, "आणि न्हाई झालं तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आबा म्हणाले, "दहा वाजेस्तोवर बघू." पडदे उघडेच राहिले, ते आबांच्या या एका वाक्यावर. माझ्या ग्रॅमांवर अजून कुणाचा विश्वास बसला नव्हता.

अण्णांचं एक म्हणणं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. 86 टक्क्यांच्या हवेत द्राक्षं जवळजवळ वाळत नाहीत. माल पाणी कधी सोडतो आणि कधी ओढतो, हे बऱ्याच अंशी टक्क्यावरच ठरतं. 15-16 टक्के ओलाव्याचा तयार बेदाणा साधारण 60 टक्क्यांवरच्या हवेत उलट ओलावा ओढायला लागतो. म्हणजे दोन प्रश्न वेगळे आहेत. शेडमधून पाणी बाहेर जातंय का, हे ग्रॅम सांगतात. जाळीवरचा माल आत्ता वाळतोय का, हे टक्का सांगतो. मी पहिल्याच्या नादात दुसरा विसरलो होतो.

दहाला बाहेर 28 अंश आणि 46 टक्के होते, दुपारी 3 ला 36 अंश आणि 30 टक्के. दोन्ही वेळी घनमीटरला 12.5 ग्रॅम. पहाटे 88 टक्के असताना 13.5 होते. अण्णांना मी हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहून दिले. पहाटेची "ओली" हवा आणि दुपारची "कोरडी" हवा यांत पाणी जवळपास सारखंच. एका ग्रॅमचा जो फरक दिसतो, त्यातलाही बराचसा हवा तापून फुगल्यामुळे आहे: तेवढंच पाणी जास्त जागेत पसरतं. अण्णांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मग दुपारी द्राक्ष वाळतंय ते कशानं?" भांडं मोठं झाल्यामुळे, आणि पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता ऊन आणि वारा पुरवतात म्हणून. हवामान खात्याच्या पत्रकात आर्द्रतेचे सकाळचे आणि दुपारनंतरचे असे दोन वेगळे आकडे का असतात, हेही त्यांना तेव्हा उमगलं. तोवर त्यांना वाटायचं, दुपारी हवेतलं पाणी कुठंतरी निघून जातं आणि रात्री परत येतं.

त्या दिवशी तीन कामं केली. शेडच्या वरच्या अंगाला चर काढला. ओल्या जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, म्हणजे मातीतली वाफ वर येणं थांबलं. आणि मीटर तपासला. त्याची घरगुती रीत आहे: झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखं होईल इतकंच पाणी घालायचं, मीटरसोबत हवाबंद डब्यात सहा-सात तास ठेवायचं. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते, आणि ती तापमानाबरोबर फारशी हलत नाही. मीटरने 78 दाखवले. म्हणजे तो 3 ने पुढे होता. या लेखातले सगळे आकडे ते 3 वजा करून दिले आहेत. शिवाय कॉलेजातून दोन साधे तापमापक आणले आणि एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळली. दुपारी सुका 36 आणि ओला 22 दाखवत होता, त्यावरूनही 30 टक्क्यांच्या आसपासच आर्द्रता येते. मीटरवर भरवसा ठेवायला तेवढं पुरलं.

रात्रीसाठी मात्र नव्याने विचार करावा लागला. पडदे पूर्ण उघडले तर माल थंड पडतो आणि टक्का चढतो. पूर्ण बंद केले तर पाणी कोंडतं. शेवटी ठरलं ते असं: वाऱ्याच्या बाजूचा पडदा जमिनीपासून फूटभर वर ठेवायचा, समोरच्या बाजूला पत्र्यालगत पोल्ट्रीचे दोन एक्झॉस्ट पंखे लावायचे आणि ते रात्रभर चालवायचे. ब्रूडर पहाटे 3 ते 7 एवढाच वेळ, तोही पंखे चालू असतानाच, आणि एक माणूस जागा असताना. ब्रूडरने भांडं मोठं करायचं आणि पंख्याने पाणी बाहेर काढायचं. एकाशिवाय दुसरं लावायचं नाही, हा नियम आबांनी घातला.

दहाव्या दिवशी पहाटे 5 ला आत 23 अंश, 66 टक्के, म्हणजे 13.6 ग्रॅम. बाहेर 18 अंश, 87 टक्के, म्हणजे 13.4. आत आणि बाहेर पाणी जवळजवळ सारखं, याचा अर्थ द्राक्षं जे सोडत होती ते साठत नव्हतं. त्या हवेचा दवबिंदू 16 अंशाच्या आसपास होता. पत्र्याला आतून हात लावून पाहिला. कोरडा होता.

निष्पत्ती

माल अठराव्या दिवशी उतरला, नेहमीपेक्षा दोन दिवस उशिरा. सुमारे 2.4 टन बेदाणा निघाला. वरच्या दोन जाळ्यांवरचा, साडेतीनशे किलोच्या आसपास, काळपट पडला होता. तो वेगळा काढला आणि सौद्याला काळा माल म्हणून गेला, हिरव्या मालाच्या निम्म्याहूनही कमी भावाने. कोपऱ्यातला आंबूस वास आलेला थोडा माल टाकूनच द्यावा लागला. खालच्या नऊ जाळ्यांना रंग चांगला आला. त्यांच्यावर थेंब पडले नव्हते, आणि त्या उबदार, कोंडलेल्या हवेत फक्त एकच रात्र होत्या.

आमच्या उपायांनी किती माल वाचला, हे मी सांगू शकत नाही. नवव्या दिवसापासून हवाही चांगली होती. पडदे उघडून काहीच न करता बसलो असतो, तरी दुपारच्या उन्हाने बराच माल सावरला असता. पण त्यानंतरच्या तिन्ही रात्री निरभ्र होत्या आणि शेजारच्या एका शेडचा पत्रा दोनदा गळला. आमचा गळला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडलेला निर्णय आठव्या दिवशी दुपारी झाला, आणि तेव्हा तो निर्णय आहे असं कुणाला वाटलंही नाही. पाऊस थांबला होता, बाहेर 27-28 अंश होते, तरी पडदे खालीच राहिले. पावसाची भीती समजण्यासारखी आहे. पण वाऱ्याविरुद्धच्या बाजूचा एक पडदा उघडला असता, तरी ओल्या जमिनीची वाफ तिथून निघून गेली असती. पडदा पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अशीच सवय होती. मधली स्थिती कुणाच्या डोक्यात नव्हती.

दुसरा निर्णय रात्री 9 चा, आणि तो माझ्याकडे आला होता. 88 वरून 72 हा आकडा बघून मी दोन प्रश्न विचारायला हवे होते: तापमान किती वाढलं आणि पडदे उघडे आहेत का. 25 वरून 29 अंश झालं, तर पाणी एक थेंबही न घटता टक्का 88 वरून 70 च्या आसपास येतोच. मीटर 72 दाखवत होता, म्हणजे पाणी वाढलं होतं. फोटोत सगळं होतं.

तिसरा माझाच, पहाटेचा. पडदे एकदम सगळे उघडायला नको होते. वरची फट आणि एक बाजू उघडून, ब्रूडरसाठी नवा सिलिंडर आणून, माल थंड पडू न देता पाणी काढता आलं असतं. तीन तास वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे अण्णांचा भरवसा जाता जाता राहिला. लोकांना त्यांच्या डोळ्यांना दिसतं त्याच्या उलटं करायला सांगायचं असेल, तर मीटर आधी कसा हलेल ते सांगून ठेवायला हवं. "उघडल्यावर टक्का वाढेल, घाबरू नका, मग दहाला उतरेल" हे मी साडेपाचला बोललो असतो, तर सव्वासहाचा तो ताण आलाच नसता.

बांधकामात दोन गोष्टी बदलल्या. पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर प्लॅस्टिक कागदाचं उतरतं अस्तर घातलं, थेंब पडलेच तर कडेला ओघळून जावेत म्हणून. आणि पत्र्याला आतून एक तापमापक बांधला. आतल्या हवेचा दवबिंदू पत्र्याच्या तापमानाजवळ आला की पंखे वाढवायचे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत होती. खोल जमिनीत तापमान दिवस-रात्र फारसं हलत नाही, त्यामुळे कोंडलेल्या हवेचा टक्काही फारसा हलत नाही. पत्र्याच्या शेडचं नेमकं उलट आहे. चोवीस तासांत वीस अंश वर-खाली होणाऱ्या छताखाली टक्क्यावर भरवसा ठेवायचा तर तापमान सोबत लिहायलाच हवं. मुलाने आता खांबाला तक्ता लावला आहे: अंश आडवे, टक्के उभे आणि चौकटींत ग्रॅम. कामगार दिवसातून चार वेळा आत-बाहेरच्या नोंदी त्यावरून करतात.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. सलग तीन-चार दिवस ढगाळ राहिले आणि बाहेरच 25 अंश, 85 टक्के असले, तर बाहेरच्या हवेतच 19-20 ग्रॅम पाणी असतं. तेव्हा पडदे उघडून काही साधत नाही. ती हवा 32 अंशापर्यंत तापवली तर टक्का 57 पर्यंत येतो आणि माल हळूहळू वाळतो, पण तापवलेली हवा बाहेर सोडत राहावी लागते. एका 19 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण लाखभर घनमीटर हवा सात अंशांनी तापते. त्या हवेने घनमीटरला 2 ग्रॅम उचलले तर 200 लिटर पाणी जातं. टनभर पाण्याला पाच सिलिंडर. आबांनी हा हिशोब ऐकून बाजारभावाची वही काढली आणि सिलिंडरचा खर्च काळ्या मालाच्या तोट्याशी ताडून पाहिला. त्यांचा कल असा आहे की अशा दिवसांत माल वाळवायचा हट्ट सोडावा, पंख्यांनी हवा नुसती हलती ठेवावी, ऊब फक्त पहाटे द्यावी आणि ऊन पडायची वाट बघावी. अण्णांना वाटतं पहिल्या चार दिवसांच्या ताज्या मालाला ते चालणार नाही, तिथे गॅस जाळावाच लागेल. मला अण्णांचं पटतं, पण माल किती वाळल्यावर आबांचा मार्ग सुरक्षित होतो, ते मोजून बघायचं ठरलं आहे. येत्या हंगामात एका रॅकच्या तीन जाळ्या रोज वजन करायला वेगळ्या ठेवणार आहोत.